अज्ञाताचे दप्तर : कॅप्टन रुपेल्ट आणि उडत्या तबकड्यांची सरकारी चौकशी



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या मालिकेत उडत्या तबकड्यांचा विषय घेऊन उभे राहणे काहींना थिल्लरपणाचे वाटेल, याची मला कल्पना आहे. विषय ऐकून कार्यवाहांनीही क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले होते. म्हणून आरंभीच सांगतो, की परग्रहावरून कोणी येते काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आलेलो नाही. मला सांगायचे आहे ते एका सैनिकी अधिकाऱ्याविषयी. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते, त्या प्रश्नाचे दप्तर त्याच्या स्वाधीन करण्यात आले. आणि उत्तर नसतानाही दप्तर चोख कसे ठेवावे, हे त्याने जवळजवळ दोन वर्षे करून दाखवले. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे दोन रकाने वेगळे ठेवायला लावीत आणि एकातले दुसऱ्यात गेले की तांबड्या शाईची रेघ मारीत. त्यांच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक खासगी वैमानिक अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअर या पर्वताजवळून विमान नेत असता त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. त्यांचा वेग त्याने ताशी १,२०० मैलांहून अधिक धरला. त्या काळी कोणतेही ज्ञात विमान त्या वेगाने जात नव्हते. त्या वस्तू कशा चालल्या होत्या हे सांगताना त्याने पाण्यावर फेकलेल्या बशीची उपमा दिली. आपण लहानपणी तळ्यावर चपटी खापरी तिरकी फेकत असू आणि ती टप्पे घेत जाई, तशी ती गती. उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि 'उडती बशी' हा शब्द जगभर झाला. मराठीने बशीऐवजी 'तबकडी' म्हटले, त्यामुळे आपल्याकडे विषयाची थोडी तरी अब्रू राहिली. पण गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निरीक्षण आणि त्याचा अर्थ यांची सरमिसळ या विषयात पहिल्याच दिवशी झाली, आणि ती निस्तरण्याचे काम पुढे सरकारी नोकरांवर येऊन पडले.

अमेरिकी हवाई दलाने चौकशी हाती घेतली ती परग्रहवासीयांच्या कुतूहलापोटी नव्हे. महायुद्ध नुकतेच संपले होते, रशियाशी शीतयुद्ध सुरू झाले होते, आणि जर्मन तंत्रज्ञ दोन्ही पक्षांनी वाटून घेतले होते. आकाशात काही अनोळखी दिसले तर ते शत्रूचे नवे अस्त्र तर नव्हे, ही शंका अगदी वास्तव होती. सप्टेंबर १९४७ मध्ये जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात ही घटना काल्पनिक नसून खरी आहे असे मत नोंदवले. त्यानुसार १९४८ च्या आरंभी ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या राइट-पॅटरसन विमानतळावर 'प्रोजेक्ट साइन' सुरू झाला. ७ जानेवारी १९४८ रोजी कॅप्टन थॉमस मँटेल हा वैमानिक केंटकी राज्यात अशाच एका वस्तूचा पाठलाग करताना विमान कोसळून मरण पावला होता. तो ज्याच्यामागे गेला तो बहुधा नौदलाचा 'स्कायहुक' नावाचा प्रचंड फुगा असावा. त्या फुग्यांचे प्रयोग गुप्त असल्यामुळे चौकशी करणाऱ्यांनाही त्यांचा पत्ता नव्हता. सरकारचा एक हात दुसऱ्या हाताचे गुपित शोधत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४९ मध्ये 'साइन'चे नाव बदलून 'ग्रज' झाले, आणि नावाबरोबर वृत्तीही बदलली. ग्रज या शब्दाचा अर्थच मुळी आकस. आलेली प्रत्येक हकीकत कशीतरी निकालात काढायची, साक्षीदाराला भ्रम झाला असे ठरवायचे, असा कारभार सुरू झाला. १० सप्टेंबर १९५१ रोजी न्यू जर्सीतील फोर्ट मनमथ येथे लष्करी रडारवर काही वेगवान संकेत उमटले आणि त्याच दिवशी जवळून जाणाऱ्या विमानातूनही काही दिसल्याची वार्ता आली. हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जनरल कॅबेल यांनी तपशील मागवला, तेव्हा चौकशीचे दप्तर किती ढिसाळ आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या संतापातून प्रकल्पाची नव्याने उभारणी झाली, आणि तिची जबाबदारी एडवर्ड रुपेल्ट या अठ्ठावीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर आली.

रुपेल्ट हा आयोवा राज्याचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-२९ बॉम्बफेकी विमानांतून कामगिरी बजावली होती आणि शौर्यपदके मिळवली होती. युद्धानंतर त्याने महाविद्यालयात जाऊन विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली. कोरियन युद्ध सुरू होताच राखीव दलातून त्याला पुन्हा बोलावले गेले आणि डेटन येथील हवाई तांत्रिक गुप्तवार्ता केंद्रात त्याची नेमणूक झाली. मोठा शास्त्रज्ञ किंवा तत्त्वचिंतक म्हणून त्याची ख्याती नव्हती. परंतु रडार कसे चालते, विमानातून काय दिसते आणि काय दिसल्याचा भास होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. मार्च १९५२ मध्ये प्रकल्पाला 'ब्लू बुक' हे नाव मिळाले. अमेरिकेतील महाविद्यालयांत परीक्षेच्या उत्तरपत्रिका निळ्या पुठ्ठ्याच्या असतात, त्यावरून ते घेतलेले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे नाव अशा कामाला द्यावे, हे मला तरी फार समर्पक वाटते.

आता त्याने केले काय, हे जरा तपशिलाने पाहू, कारण खरा अभ्यासविषय तोच आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. 'उडती तबकडी' या शब्दातच आकार, यंत्र आणि चालक असे सारे गृहीत धरलेले असते. रुपेल्टने त्याऐवजी 'अनोळखी उडती वस्तू', म्हणजेच 'यूएफओ', हा शब्द रूढ केला. आज तो शब्द ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवी माणसे उभी राहतात, हा दैवदुर्विलास होय. कारण मुळात तो शब्द अशी चित्रे पुसून टाकण्यासाठीच आणला होता.

दुसरी गोष्ट माणसांची. तबकड्या खऱ्याच आहेत असे हट्टाने मानणारा आणि त्या खोट्याच आहेत असे हट्टाने मानणारा, दोघेही त्याच्या कार्यालयाला नको होते. या कारणावरून त्याने तिघांना कामावरून दूर केले. श्रद्धाळूला काढणारे अधिकारी पुष्कळ सापडतील. अश्रद्धालाही त्याच न्यायाने काढणारा विरळा.

तिसरी गोष्ट प्रश्नावलीची. ओहायो राज्य विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साहाय्याने त्याने एक छापील प्रश्नपत्रक तयार करवले. साक्षीदाराने काय पाहिले एवढेच विचारून भागत नाही. वस्तू क्षितिजापासून किती अंशांवर होती, सूर्य कोणत्या बाजूला होता, ती एखाद्या वस्तूच्या मागे गेली की पुढून गेली, पापणी न हलवता पाहिली की चष्म्यातून, असे बारीकसारीक प्रश्न विचारल्याशिवाय वेग आणि अंतर यांचा अंदाज निरर्थक ठरतो. रात्रीच्या आकाशात एकटा दिवा दिसला तर तो अर्ध्या मैलावर आहे की पन्नास मैलांवर, हे डोळ्यांना सांगता येत नाही. एप्रिल १९५२ मध्ये निघालेल्या आज्ञापत्राने प्रत्येक विमानतळावरील गुप्तवार्ता अधिकाऱ्याने अशी वार्ता थेट डेटनला तारेने कळवावी असे ठरले. एका कॅप्टनला एवढी मोकळीक मिळणे सैन्याच्या श्रेणीबद्ध रचनेत अपूर्वच होते.

चौथी गोष्ट वर्गवारीची, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची. प्रत्येक हकीकत फुगे, विमाने आणि आकाशस्थ ज्योती यांच्याशी ताडून पाहिली जाई. फुगे कोठून केव्हा सोडले याच्या नोंदी मागवल्या जात. ग्रह-ताऱ्यांसाठी १९४८ पासून सल्लागार असलेले खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांचे मत घेतले जाई. जुळले तर 'निश्चित', 'संभवनीय' की 'शक्य', हेही वेगळे लिहिले जाई. जे जुळत नसे त्याचे पुन्हा दोन भाग. ज्या हकीकतीत तपासण्यापुरता मजकूरच नाही, ती 'अपुरी माहिती' या सदरात. ज्या हकीकतीत मजकूर भरपूर, साक्षीदार भरवशाचे, आणि तरीही काही जुळत नाही, तीच 'अज्ञात' या सदरात. 'ठाऊक नाही' या एकाच वाक्यात दोन अगदी निराळ्या अवस्था दडलेल्या असतात, आणि सरकारी दप्तरात त्या एकत्र झाल्या की दोन्हींचे मोल नाहीसे होते. रुपेल्टने आपल्या पुस्तकात दिलेल्या आकडेवारीत विश्लेषण केलेल्या १,५९३ हकीकतींपैकी सुमारे २३ टक्के अपुऱ्या माहितीच्या आणि सुमारे २७ टक्के अज्ञात आहेत. फसवणुकीच्या दोन टक्क्यांहूनही कमी! सामान्य माणूस सहसा खोटे बोलत नाही, तो खरोखर पाहिलेल्या गोष्टीचा चुकीचा अर्थ लावतो, हा त्या आकड्याचा बोध.

या यंत्रणेची कसोटी लागली जुलै १९५२ मध्ये. १९ जुलैच्या रात्री वॉशिंग्टन या राजधानीच्या विमानतळावरील रडारवर सात अनोळखी ठिपके उमटले. अँड्र्यूज येथील हवाई तळावरही संकेत मिळाले, काही वैमानिकांना दिवे दिसले. पाठलागासाठी लढाऊ जेट विमाने आली तेव्हा आकाश रिकामे! आणि ज्या अधिकाऱ्याकडे देशभरच्या अशा घटनांची चौकशी सोपवलेली, त्याला ही वार्ता कळली ती २१ तारखेला दुसऱ्याच कामासाठी वॉशिंग्टनला उतरल्यावर, विमानतळावर विकत घेतलेल्या वर्तमानपत्रातून. त्याने रात्री मुक्काम करून चौकशी करण्याचे ठरवले. सरकारी मोटार मागितली, तर ती केवळ जनरल आणि ज्येष्ठ कर्नल यांच्यासाठी असल्याचे सांगण्यात आले. भाड्याची मोटार मंजूर होईना. टॅक्सी हवी तर स्वखर्चाने करावी, आणि दैनिक भत्ता नऊ डॉलर. शिवाय त्याच्या प्रवासाच्या हुकुमात मुक्कामाची तरतूद नव्हती. राहिला असता तर विनापरवाना गैरहजर ठरला असता. तो पुढच्या विमानाने डेटनला परतला. सरकारी नोकरीत हाडे झिजवलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग वाचून अमेरिका फार दूर वाटणार नाही.

पुढच्या शनिवारी, २६ जुलैच्या रात्री, तेच पुन्हा घडले. या वेळी रुपेल्टने वॉशिंग्टनमधील मेजर फोर्ने आणि नौदलाचे एक रडारतज्ज्ञ यांना विमानतळाच्या रडारकक्षात धाडले. देशभर इतकी खळबळ उडाली, की अध्यक्ष ट्रुमन यांच्या हवाई साहाय्यकाने रुपेल्टला दूरध्वनी करून खुलासा विचारला. २९ जुलैला जनरल सॅमफर्ड यांनी वार्ताहर परिषद घेतली. महायुद्धानंतरची ती हवाई दलाची सर्वांत मोठी परिषद. त्यांनी तापमानाच्या व्युत्क्रमाचा खुलासा सुचवला.

हा खुलासा समजून घेणे कठीण नाही. सामान्यतः जमिनीपासून वर जावे तशी हवा थंड होत जाते. शांत, निरभ्र रात्री मात्र जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या थरापेक्षा गार होते. आपल्याकडे थंडीच्या पहाटे चुलींचा धूर वर न चढता गावावर आडवा पसरून राहतो, तो याच कारणाने. अशा थरातून जाताना रडारचा किरण खाली वाकतो आणि जमिनीवरील वस्तूंवरून परावर्तित होतो. पडद्यावर मात्र त्या आकाशात असल्यासारख्या दिसतात. मृगजळाचाच हा एक भाऊबंद. नागरी विमानवाहतूक खात्याने नंतर केलेल्या अभ्यासाने या खुलाशाला बळकटी दिली. रडारकक्षात त्या रात्री हजर असलेल्यांचे समाधान मात्र झाले नाही. असे संकेत आपण रोज पाहतो आणि ओळखतो, हे निराळे होते, असे त्यांचे म्हणणे. पत्रकारांनी दुसऱ्या दिवशी खुलासा छापला आणि खळबळ शमली. रुपेल्टने दप्तरात घटना अज्ञात ठेवली. वरिष्ठांनी जगापुढे एक उत्तर दिलेले असताना कनिष्ठाने नोंदवहीत प्रश्नचिन्ह तसेच ठेवणे, यात धैर्य किती आणि शिस्तभंग किती, याचा ज्याने त्याने विचार करावा. व्युत्क्रमाचा खुलासा बहुतांशी बरोबर असावा, असे मला वाटते. तरीही अज्ञात लिहिणे त्या दिवशी अधिक योग्य होते, असेही वाटते, कारण प्रत्येक ठिपका त्याने समजावला जातो हे तेव्हा कोणी दाखवलेले नव्हते.

जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले. लुई अल्व्हारेझ, सॅम्युएल गौडस्मिट यांच्यासारखी माणसे त्यात होती. युटा राज्यातील एका चित्रफितीच्या विश्लेषणासाठी नौदलाच्या प्रयोगशाळेने सुमारे एक हजार तास खर्च केले होते. मंडळाला ते पक्षी वाटले. चार दिवसांत त्यांनी निष्कर्ष काढला, की या वस्तूंपासून देशाला प्रत्यक्ष धोका नाही. धोका आहे तो या वार्तांच्या गर्दीत संरक्षणाची संदेशयंत्रणा तुंबण्याचा. म्हणून जनतेच्या मनातील या विषयाचे वलय शिक्षणाने आणि प्रचाराने उतरवावे. लष्करी दृष्टीने हा विचार चुकीचा नव्हता. पण त्याचा परिणाम दप्तरावर झाला. ऑगस्ट १९५३ च्या नियमाने, ज्या घटनेचा उलगडा झाला तीच जनतेला सांगावी, न उलगडलेली सांगू नये, असे ठरले. रुपेल्ट काही महिने दुसऱ्या कामावर जाऊन जुलैमध्ये परतला, तेव्हा त्याच्या दहा जणांच्या पथकातून दोघेच साहाय्यक उरले होते. त्याच ऑगस्टमध्ये त्याने ते पद सोडले.

त्यानंतर काय झाले ते ब्लू बुकच्या वार्षिक तक्त्यातून दिसते. १९५२ मध्ये १,५०१ हकीकती आल्या, अज्ञात ३०३. म्हणजे पाचांत एक. १९५३ मध्ये ५०९ पैकी ४२. १९५७ मध्ये हकीकती पुन्हा हजारावर गेल्या, १,००६ झाल्या, आणि अज्ञात उरल्या अवघ्या १४. शेकडा दीडसुद्धा नाही. पाच वर्षांत आकाश एवढे बदलले असेल काय? १९५२ मध्ये वृत्तपत्रांनी लोकांना वर पाहायला लावले, हे खरे. पुढे फुग्यांची, विमानांची माहिती अधिक मिळू लागली, हेही मान्य केले पाहिजे. तथापि एवढी घसरण त्याने समजावली जात नाही. हायनेक यांनी पुढे तक्रार केली, की 'शक्य' म्हणून लिहिलेले खुलासे वार्षिक गोषवाऱ्यात 'निश्चित' होऊन बसत. आकाशापेक्षा कारकुनाची लेखणी अधिक बदलली, असा माझा निष्कर्ष आहे.

येथे कोणी विचारील, की अज्ञात अधिक ठेवल्याने परग्रहवादाला खतपाणी मिळत नाही काय? रुपेल्टच्याच काळात बॅटेल संस्थेकडे सोपवलेला संख्याशास्त्रीय अभ्यास १९५५ मध्ये 'विशेष अहवाल १४' म्हणून प्रसिद्ध झाला. ३,२०१ हकीकती छिद्रपत्रांवर चढवून तपासल्या. साक्षीदार जितके उत्तम तितके अज्ञाताचे प्रमाण कमी व्हावे, ही अपेक्षा; आढळले उलट. उत्कृष्ट दर्जाच्या हकीकतींत जवळपास एक तृतीयांश अज्ञात, कनिष्ठ दर्जाच्या हकीकतींत एक पंचमांशाहूनही कमी. तबकडीवाद्यांना हा आकडा फार प्रिय आहे. पण तो वाचताना घाई करू नये. भरपूर तपशील असलेली हकीकत चुकीच्या खुलाशात सहजी बसत नाही. त्रोटक हकीकत मात्र कोणत्याही साच्यात ओतता येते. आकडा परग्रहवासी सिद्ध करीत नाही. त्रोटक हकीकतींचे 'उलगडे' किती स्वस्त असू शकतात, तेवढे मात्र दाखवतो. अहवालाने स्वतःही परकीय यंत्राचा निष्कर्ष अत्यंत असंभवनीय ठरवला.

ब्लू बुक आणखी सोळा वर्षे चालले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या काँडन समितीचा अहवाल १९६९ च्या आरंभी आला आणि १७ डिसेंबर १९६९ रोजी प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर झाले. एकूण १२,६१८ हकीकती, अज्ञात ७०१. त्यातील ३०३ एकट्या १९५२ च्या. हायनेक पुढे या विषयाचे गंभीर अभ्यासक झाले. १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात ते क्षणभर दिसतातही. जाता जाता सांगतो, त्या चित्रपटातील भारताचे दृश्य आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाले होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये याच कामासाठी नवे कार्यालय स्थापिले, आणि २०२४ च्या त्याच्या ऐतिहासिक अहवालातही परग्रहाचा पुरावा सापडला नाही.

आपल्या सैन्यालाही हा प्रश्न पडला होता. लडाखच्या सीमेवर सैनिकांनी २०१२-१३ च्या सुमारास एका सरोवरावर अनोळखी ज्योतींच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी हेरविमानांची शंका होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांना पाचारण केले, तेव्हा त्या ज्योती शुक्र आणि गुरू ठरल्या. कोणी त्या जवानांना हसेल. मी हसणार नाही. त्यांनी दिसले ते वेळेसह लिहून ठेवले होते, म्हणूनच शास्त्रज्ञांना ते ताडता आले.

रुपेल्ट हवाई दल सोडून नॉर्थरॉप या विमान कंपनीत अभियंता झाला. १९५६ मध्ये त्याने 'अनोळखी उडत्या वस्तूंविषयी अहवाल' या अर्थाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याची सतरा प्रकरणे प्रश्न खुला ठेवून संपतात. १९६० च्या आवृत्तीत त्याने तीन प्रकरणे जोडली आणि हे सारे अवकाशयुगाने रचलेले मिथक आहे, असा कौल दिला. हवाई दलाने दडपण आणले असावे, असे त्याचे चाहते म्हणत आले आहेत. मी ती प्रकरणे वाचली. त्यांत शुक्रावरील मंडळींशी गप्पा मारल्याचे सांगणाऱ्यांच्या हकीकतींना बरीच जागा दिलेली आहे, आणि अशांच्या सहवासात सात वर्षे काढलेला कोणीही माणूस वैतागला असता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला हृदयविकाराने त्याचे निधन झाले, वय ३७. पहिली सतरा प्रकरणे त्या आवृत्तीतही कायम आहेत. ब्लू बुकचे मूळ दप्तर, साक्षीदारांची नावे झाकून, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात चौऱ्याण्णव सूक्ष्मपटांच्या रिळांवर १९७६ पासून सर्वांना पाहण्यास खुले आहे.